यांच्या उजव्या कानाशी

१३ जुलै १९८६, रविवार

आज देवळाच्या पायरीवर सुनयनाने मला पाहिलं आणि पाहिलं नाही. मी मागून दोनदा हाक मारली, तीही चांगली खणखणीत. बाईने चपला घातल्या, पदर सावरला आणि सरळ चालती झाली. केवढा तो ताठा! नवरा दुकान ठेवून गेला म्हणजे माणसाने मान वळवायची पण सोडून द्यावी का?

ही वही शांतीने, माझ्या मुलीने, जानेवारीत तेर रूज गावाहून आणून दिली. "आई, बैठकेत पोरांना मराठी लिहायला लावतेस, मग तूपण लिही की," म्हणाली. बैठक म्हणजे आमच्या या बेटावरची संध्याकाळची मराठी शाळा. सहा महिने वही ट्रंकेत पडून होती. आज संताप झाला म्हणून बाहेर काढली.

संतापाचं कारण नुसती पायरी नव्हे. आरतीनंतर मंडळाचे अध्यक्ष गोवर्धन उभे राहिले आणि म्हणाले, सुनयनाबाईंचा मुलगा सत्यदेव जर्मनीत नाटकघरांमध्ये यंत्रं बसवतो. तो सुट्टीवर आला आहे आणि त्याने एक यंत्र आणलं आहे. ज्यांना कमी ऐकू येतं त्यांच्या थेट कानात माइकवरचा आवाज पोचेल. सुनयनाबाईंनी ते नवऱ्याच्या नावाने मंडळाला दिलं आहे. टाळ्या. मग गोवर्धन माझ्याकडे बघून हसत म्हणाले, "आता कुंतीवयनीला पण आराम. बायकांच्या बाजूला निवांत बसतील."

मला कुणी विचारलं होतं का, आराम हवा म्हणून?

हे, म्हणजे माझे यजमान परशुराम (नाव एकदाच लिहिते, वहीपुरतं), एकतीस वर्षं साखर कारखान्यात चरकांपाशी उभे होते. त्र्याहत्तर साली कान गेले. उजव्या कानाला ओठ लावून सावकाश बोललं तर कळतं, बाकी कुणी काही म्हटलं की हात हलवून बेटाच्या बोलीत "मो पा तांदे" म्हणतात. ऐकू येत नाही, संपलं. गल्लीतली पोरं यांची नक्कल करतात. देवळाच्या हॉलात उजवीकडे पुरुष, डावीकडे बायका. पुरुषांच्या पहिल्या रांगेत, गणपतीच्या अगदी समोर, तेरा वर्षं एकच बाई बसत आली आहे. ती मी. भटजी बोलतात, मी यांच्या कानात सांगते. हे मान हलवतात. सगळा गाव बघतो.

ती जागा माझी आहे.

१५ जुलै, मंगळवार

वही कुलपात ठेवते, तेव्हा खरं लिहायला हरकत नाही.

यांचं लग्न आधी सुनयनाशी ठरत होतं. हे ढोलकी वाजवायचे, ती गायची. चतुर्थीला दोघांची जोडी ऐकायला लोक बसने यायचे म्हणे. तिच्या बापाला कारखान्यातला जावई नको होता, त्याने तिला दुकानदाराच्या घरी दिली. मग रिव्हिएर दू रांपार गावाहून मला आणलं. मी गात नाही. मी टोमॅटो आणि वांगी लावते, आणि चांगली लावते.

कान गेले त्या वर्षी चतुर्थीला ती गायला उभी राहिली. हे माझ्याकडे वाकले आणि विचारलं, "कशी गातेय गं?" खरं सांगायचं तर त्या दिवशी ती अशी गात होती की माझ्याच अंगावर काटा आला होता. मी यांच्या कानाला ओठ लावले आणि म्हणाले, "आवाज फाटलाय तिचा."

बस. एवढंच. पण एकदा म्हटल्यावर दुसऱ्या वर्षी एकदम बरा झाला असं कसं सांगणार? मग दर वर्षी फाटत गेला. एकदा तर मी लोक जांभया देतायत असंही सांगितलं. हे नुसतं "हं" म्हणायचे.

भटजींच्या तोंडीही मी थोडंफार घातलं आहे. सावित्रीची कथा चालली असताना मी सांगितलं, भटजी म्हणतात ज्याच्या घराचं छप्पर गळतं त्याच्या घरी लक्ष्मी थांबत नाही. दुसऱ्या आठवड्यात हे पत्रा घेऊन छपरावर चढले. यात मी वाईट काय केलं? छप्पर गळतच होतं.

२० जुलै, रविवार

आज यंत्र उघडलं. दोन काळ्या पाट्या, तवा असतो तेवढ्या, त्यांवर मण्यांसारखे शंभरेक बारीक दिवे. सत्यदेवने त्या मंचाच्या दोन्ही बाजूंना उंच लावल्या. "पेटव की," मी म्हटलं. "मावसी, पेटलेच हायत. हा उजेड आपल्या डोळ्याला दिसत नाय. त्याला इन्फ्रारेड म्हणतात. आवाज त्या उजेडावर बसून जातो."

मग नळ्या दाखवल्या. डॉक्टरच्या नळीसारखी वस्तू, दोन टोकं कानांत, आणि हनुवटीखाली छातीवर लोंबणारी डबी. डबीला बोटाच्या नखाएवढी काच. "ही काच तिचा डोळा," तो म्हणाला. "डोळ्याला पाटी दिसली पायजे. मधे कापड आलं, हात आला, की बंद. आणि ऊन नको. उन्हात तोच उजेड इतका असतो की आपला बिचारा बुडून जातो. भिंतीपलीकडं पण जात नाय, हॉलातलं हॉलातच."

पोरगा बोलतो गोड. आईवर गेला नाही. मी सगळं नीट ऐकून घेतलं, दोन प्रश्नही विचारले. त्याला वाटलं मावशीला शास्त्राची आवड आहे.

कमी ऐकणारे आमच्याकडे चार. हे, इंद्राणीकाकी, बलराममामा आणि फाटकाजवळचे म्हातारे बाबूराव. नळ्या आणल्या पाच. हिशेब करता येत नाही तर मिरवायला कशाला यायचं? सुनयना मंचाशी उभी राहून सगळ्यांच्या तोंडांकडे टकमक बघत होती, किती कौतुक होतंय ते मोजत असणार. मी विचारलं, "पाचवी कुणाची?" तर नुसती हसली आणि "हो, हो" म्हणाली. मला उत्तरसुद्धा द्यायचं नाही.

२१ जुलै

ऊन नको. कापड नको. लक्षात ठेवणे.

२७ जुलै, रविवार

सकाळी नऊला पहिली चाचणी. मी साडेआठलाच गेले. झाडायला म्हणून गेले होते आणि झाडलंही. पूर्वेकडच्या तिन्ही खिडक्यांची दारं सताड उघडली. आमच्या बेटावर जुलैत हिवाळा, त्यातलं ऊन तिरपं येतं, थेट पहिल्या रांगेत. यांना मी तिथेच बसवलं, "पाठ शेकेल तुमची" म्हणून.

सत्यदेवने माइकवर आकडे म्हटले. बलराममामा सावलीत होते, ते एकदम दचकून म्हणाले, "आयो! हा तर डोक्यात बोलतोय!" इंद्राणीकाकीला रडू आलं. यांनी डबी हातात धरून हलवली. खरखर येतेय म्हणाले. मग माझ्याकडे वाकून उजवा कान पुढे केला.

मी भटजींचं सगळं प्रवचन सांगितलं. आज काही वगळलं नाही, काही घातलं नाही. इतकं बरं वाटत होतं.

३ ऑगस्ट, रविवार

खिडक्यांना पडदे लागले. जाड, तपकिरी, अस्तर लावलेले. कुणी शिवले? सुनयनाने! सात दिवसांत तीन खिडक्या. माणसाला स्वतःच्या घरी काही काम नसेल तर असं होतं.

आणि मी आज बायकांच्या बाजूला बसले. गोवर्धन स्वतः मला चटई दाखवायला आले, जणू मी दुसऱ्या गावाहून आले होते. सातव्या रांगेत, खांबाआड. शेजारच्या बायका लग्नाच्या साड्यांविषयी बोलत होत्या. तिथून मला यांची फक्त मान दिसत होती. मान हलत होती. मी काही न सांगता हलत होती.

मी पदराने नाक पुसायचं निमित्त केलं. माझ्या बापाच्या मरणाला मी चारचौघांत रडले नव्हते.

घरी येताना उसाच्या गाड्या जात होत्या, आम्ही कडेला थांबलो. मी कानाशी जाऊन विचारलं, आलं का ऐकू? "आलं," म्हणाले. "स्वच्छ आलं. भटजी लय लांबण लावतात." मग बरंच चालल्यावर म्हणाले, "हल्ली छपराबद्दल काय बोलत नायत ते."

मी म्हटलं, पावसाळा नाही ना आता, म्हणून. "सा मेम," म्हणाले. तेच असेल. बरं झालं, विषय तिथेच संपला.

आज सुनयना गायली नाही. पण चतुर्थीला गाणार आहे. त्याआधी दहा तारखेला भजन आहेच. एकदा यांनी तिचा आवाज ऐकला की मी गेले. तेरा वर्षं खोटं बोलणारी बाई कोण, ते उघड होईल. मग हे उजवा कान माझ्याकडे कशाला करतील?

१० ऑगस्ट, रविवार

मफलर.

निळा, शांतीने विणलेला. आमच्या गावात, सें पिएरला, ऑगस्टमध्ये गारठा असतो, कुणाला नवल वाटायचं कारण नाही. नळी कानांत घातल्यावर मी यांच्या गळ्यात मफलर दोन वेढे दिला आणि टोकं छातीवर सोडली. डबीचा डोळा झाकला गेला.

"येतंय का?" सत्यदेवने खुणेने विचारलं. यांनी मान हलवली, नाही. गोवर्धन कपाळाला आठ्या घालून म्हणाले, "बरं, वयनी, आजच्यापुरतं बसा पुढं." मी बसले. चटई अजून माझ्या बसण्याने दबलेली होती.

सुनयनाने दोन भजनं म्हटली. आणि आज, देवाशपथ, ती घसरली. दुसऱ्या कडव्यात ढोलकी पुढे गेली, ही मागे राहिली, मग सूरच सापडेना. ढोलकीवाला पोरगा गोंधळला. बायका एकमेकींकडे बघू लागल्या. मला गुदगुल्या झाल्या, खोटं कशाला लिहू?

यांनी विचारलं, "कशी गातेय गं?"

"फाटलाय आवाज," मी म्हटलं. तेरा वर्षांत पहिल्यांदा ते जवळपास खरं होतं, तर म्हणताना मजा कमीच आली.

१४ ऑगस्ट, गुरुवार

बस थांब्यावर सुनयना. मी मोठ्या मनाने स्वतःहून विचारलं, घसा बरा आहे का. तिने माझ्या ओठांकडे रोखून पाहिलं, जणू दाताला भाजी अडकली आहे. मग ओरडून म्हणाली, "बस लेट हाय आज!" सगळा थांबा वळला. हल्ली बोलते ती अशीच, घसा ताणून. यंत्र दिल्यापासून बाईसाहेबांना वाटतं की सगळा गावच बहिरा आहे.

घरी येऊन आरशात दात बघितले. काही नव्हतं.

२४ ऑगस्ट, रविवार

मफलरचा तिसरा आठवडा. सत्यदेव बिचारा हैराण आहे. यांच्या डबीची बॅटरी दोनदा बदलली, मग नळीच बदलली, पाचवी होती ती दिली. ती देताना सुनयनाचा चेहरा उतरला. दान केलेल्या वस्तूचा एवढा लोभ!

आज मात्र माझा जीव टांगणीला लागला. सत्यदेव यांच्यासमोर गुडघ्यावर बसला, पाटीकडे पाहिलं, डबीकडे पाहिलं, आणि त्याचा हात मफलरकडे गेला. तेवढ्यात यांनीच त्याचा हात धरला. "ऱ्हाऊ दे," म्हणाले. "थंडी हाय."

सत्यदेवने यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि उठून गेला. "कोरेक, काका," म्हणजे ठीक आहे, एवढंच म्हणाला.

नशीब बलवत्तर माझं. यांना गारठा सोसत नाही हे किती बरं आहे.

३१ ऑगस्ट, रविवार

चतुर्थी सात तारखेला. गोवर्धनांनी सांगून टाकलं, त्या दिवशी बाहेरगावचे पाहुणे येणार, तेव्हा रांगा नियमाने. बायका बायकांत. यंत्र चालो न चालो.

म्हणजे मफलर असला तरी मी सातव्या रांगेत, आणि यांना काहीच ऐकू येणार नाही. मफलर नसला तर सुनयना थेट कानात. दोन्हीकडून मीच जाते. रात्रभर याच विचारात कूस बदलली. मला ती नको आहे. ती, तिचे पडदे, तिचा मुलगा, तिचा न दिसणारा उजेड. आमच्या लग्नाला चौतीस वर्षं झाली तरी हे कधीकधी जेवताना पाटावर बोटांनी ताल धरतात, आणि तो ताल माझ्यासाठी नसतो हे मला माहीत आहे.

८ सप्टेंबर, सोमवार सकाळ

काल काय झालं ते सगळं लिहिते. भराभर लिहितेय, अक्षर बैठकेतल्या पोरांसारखं येईल.

आरास झाली होती. कार्यक्रम पाचला. चारला आम्ही गेलो. बाकीचे तिघे कमी ऐकणारे आधीच आपापल्या बाजूच्या पहिल्या रांगेत नळ्या घालून बसले होते. सत्यदेवने माइक आणि यंत्र सुरू करून त्यांना बसवलं होतं आणि तो भोंगेवाल्याला बघायला रस्त्यावर गेला होता. भोंगेवाला अजून आला नव्हता. भोंगा नाही म्हणजे माइक मुका, असं मी धरून चालले. कुणीही तसंच धरलं असतं.

मी यांना नळी घालून दिली, मफलर दिला, आणि हार घेऊन मंचावर चढले. सुनयना पेटीपाशी होती. माइक आमच्या दोघींच्या मधे, कमरेएवढ्या काठीवर.

ती म्हणाली, "कुंती, एक काम कर. शांतीच्या बाबांच्या समोरची जागा मोकळी ठेव. मला त्यांचा हात दिसला पायजे."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. हात! माझ्या नवऱ्याचा हात हिला दिसायला हवा! असं बोलून ती शांतपणे पाठ फिरवून पेटीचा भाता उघडू लागली. मी तिच्या पाठीलाच बोलले. हळूच, पण दात खाऊन.

"यंत्र दिलंस, पडदे दिलेस, आता माझी जागापण घे. पण ऐकून ठेव, तेरा वर्षं मी त्यांना सांगत आलेय की तुझा आवाज फाटलाय. दर वर्षी. एकदापण खरं सांगितलं नाही. आणि मफलर मीच घालते, थंडीबिंडी काही नाही. माझ्याकडे त्यांचा एक कान आहे, तेवढाच आहे, तो मी तुला देणार नाही."

तिने वळूनही पाहिलं नाही. भाता उघडला, वही लावली, चष्मा पुसला. मग मागे फिरली, मला अजून तिथेच उभी बघून चमकली आणि विचारलं, "काय म्हणालीस का?"

मी हातातला हार सावरला.

"तोंड बघितल्याशिवाय मला कळत नाय गं," ती म्हणाली. आवाज तोच, ताणलेला. "दोन वर्षं झाली. डॉक्टर म्हणतो जाणार, दोनी कान. सत्यदेवशिवाय कुणाला ठाऊक नाय. पाचवी नळी माझी व्हती. पण गाणारणीनं नळी घालून बसायचं, लाज वाटते. आणि हितं मंचावर तिचा उपेग पण नाय, पाट्या तिकडं तोंड करून." तिने ओठ पुसले. "ढोलकी ऐकू येत नाय आता. हात बघून गाते. या पोराचा हात मला समजत नाय. शांतीच्या बाबांचा समजतो. ते गुडघ्यावर ताल धरतात ना, म्हणून म्हटलं. आजच्या दिवस. पुढल्या साली मी नाय गाणार."

मला पायरीवरची हाक आठवली. बस थांबा आठवला. मी हार गणपतीला घालायचा तो पेटीवर ठेवला आणि रांगांकडे वळले.

चार माना माझ्याकडे वळलेल्या. इंद्राणीकाकीने तोंडावर हात घेतला होता. बलराममामा डोळे फाडून बघत होते. बाबूराव गालातल्या गालात हसत होते. मागे हॉलभर ऐकू येणारी माणसं फुलं ओवत होती, चटया टाकत होती, त्यांना काही पत्ता नव्हता. हॉलातले चार बहिरे तेवढे, माइकमधून थेट नळ्यांत, सगळं ऐकत होते.

आणि यांच्या गळ्यात मफलर नव्हता. घडी करून मांडीवर ठेवलेला होता. हे माझ्याकडे बघत होते. रागाने नाही. कसं ते मला लिहिता येत नाही.

मी सरळ बायकांच्या बाजूला गेले, सातवी रांग, खांबाआड. कुणी पाठवायची गरज पडली नाही. जमीन दुभंगली असती तर मी पदर सावरून आत उतरले असते.

पाहुणे आले. भोंगा आला. हॉल भरला. सुनयना उभी राहिली, आणि तेवढ्यात हे उठून मागे वळले आणि अख्ख्या हॉलासमोर चरकांवर ओरडतात तसे ओरडले, "कुंते! हितं ये!" आणि शेजारच्या चटईवर हात आपटला.

गोवर्धन धावत आले. यांच्यासमोर वाकून, हात जोडून, चांगल्या मोठ्या आवाजात म्हणाले, "दादा, आता नळी हाय ना तुम्हाला. वयनी तिकडंच बऱ्या."

यांनी, दोन्ही कानांत नळी घालून, हात हलवला. "मो पा तांदे."

सगळा हॉल हसला. गोवर्धनही हसले, काय करणार? मी पुरुषांच्या मधून चालत गेले आणि माझ्या जागेवर बसले. यांच्या समोर नाही, बाजूला. समोरची जागा मोकळी राहू दिली.

सुनयना गायली. हे गुडघ्यावर ताल धरून होते आणि ती यांच्या हातावरून नजर काढत नव्हती. एकदाही काढली नाही. पोरगा शेवटी ढोलकी यांच्या हाताबरोबरच वाजवू लागला. ताल जमला. सूर मात्र गेला होता. वरच्या पट्टीत आवाज चिरत होता, खालच्या पट्टीत हवा येत होती. तेरा वर्षं मी जे सांगत आले ते सगळं आता खरं झालं होतं, अगदी शब्दाला शब्द. पाहुणे चपलांकडे बघत होते.

मला तिची दया आली, आणि तरी त्या हाताकडे बघून माझी जळजळ थांबली नाही. दोन्ही एकाच वेळी होतं. होऊ दे.

तिसऱ्या भजनाला हे माझ्याकडे वाकले. नळी कानांत तशीच. माझ्यापेक्षा स्वच्छ ऐकत होते. आणि विचारलं, दर वर्षी विचारतात तसंच, "कशी गातेय गं?"

मी नळीचं टोक जरा बाजूला केलं, उजव्या कानाला ओठ लावले.

"चांगली गातेय," मी म्हटलं. "आवाज अजून तसाच आहे."

यांनी मान हलवली. "हां," म्हणाले. "मलापण तसाच लागतोय."

नळीचं टोक मी परत कानात बसवलं. यांचा ताल चुकला नव्हता.

९ सप्टेंबर, मंगळवार

काल दुपारी विसर्जन झालं. सुनयना माझ्या बाजूने चालत होती. भटजी काय म्हणतायत ते तिने मला दोनदा विचारलं. तिच्या समोर येऊन, तोंड दाखवून सांगितलं. भटजी म्हणाले तेवढंच सांगितलं. यांची बदललेली आधीची नळी आता तिच्या घरी आहे, पुढच्या रविवारी घालून बसणार म्हणते. कुठे बसणार ते मी विचारलं नाही. माझ्या बाजूला नको.

आज सकाळी चहा घेताना हे उठले, खुंटीवरचा मफलर काढला आणि माझ्या मांडीवर ठेवला.

"धुवून ट्रंकेत टाक," म्हणाले. "हिवाळा संपला."

सप्टेंबरात सें पिएरला गारठा असतोच. पण मफलर मी लगेच भिजत घातला. धुतला आणि दोरीवर वाळत घातला.